हातानं केलं म्हणून दुखतंय का?

प्रश्न थोडक्यात असा : सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षिका असलेल्या ४६ वर्षांच्या ताईंचं पत्र आहे. त्यांची खालची उजवी दाढ पंधरा दिवस ठणकत होती. रात्री झोप नाही, गरम चहाचा घोट घेतला की कळ थेट कानापर्यंत. गावातल्या ओळखीच्या डॉक्टरांनी तीन सिटिंगमध्ये रूट कॅनल केलं. दुसऱ्या सिटिंगनंतर दोन रात्री पुन्हा ठणका लागला. आता दाढ भरून पाच दिवस झालेत. ठणका थांबलाय, सूज नाही, ताप नाही, पण त्या बाजूनं भाकरी चावली की दुखतं. पुण्याच्या दिरांचं रूट कॅनल मात्र 'मशीननं, एकाच सिटिंगमध्ये' झालं आणि त्याच संध्याकाळी ते लग्नाच्या पंगतीत जेवून आले. (दिरांची दाढ दुखत नव्हती, एक्स-रे काढताना सापडली, असं ताईंनी कंसात लिहिलंय.) जाऊबाई म्हणतात, "अजून हातानं करतं का कुणी?" मुलाच्या घशासाठी आणलेल्या अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या गोळ्या घरात उरल्या होत्या, त्याही ताईंनी दोन दिवस घेतल्या. आता वरच्या डाव्या दाढेचंही रूट कॅनल करायचंय. ताई विचारतात, जुन्या पद्धतीमुळे माझी दाढ बिघडली का? दुसऱ्या दाढेसाठी डॉक्टर बदलू का? ते यजमानांचे मित्र आहेत, त्यांना काय वाटेल? की दाढ काढूनच टाकू?

ताई,

आधी तातडीचं. उद्या शाळा सुटल्यावर डॉक्टरांकडे जा आणि एवढंच सांगा, "चावताना ही दाढ आधी लागते का, बघता का?" ते दातांमध्ये निळा कागद धरून चावायला सांगतील. भरलेलं सिमेंट केसभर जरी उंच असलं, तरी प्रत्येक घासाला सगळा भार त्या एका दाढेवर येतो, आणि आधीच हुळहुळी झालेली दाढ पुन्हा पुन्हा ठेचली जाते. शिवाय मुळाभोवतीचा पडदा सुजलेला असताना दाढ स्वतःच किंचित वर उचललेली असते. म्हणजे भरलं त्या दिवशी बरोबर वाटलेलं सिमेंट दोन दिवसांनी उंच लागू शकतं. ते घासून कमी करायला पाच मिनिटं लागतात, भूलही द्यावी लागत नाही. तुमची तक्रार 'फक्त चावताना' एवढीच उरली आहे, म्हणून संशय पहिल्यांदा इथेच घ्यायचा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात टाकलीत. दिरांची दाढ आधी दुखतच नव्हती. तुमची पंधरा दिवस दुखत होती, रात्री झोपेतून उठवत होती. रूट कॅनलनंतर कुणाला किती दुखेल याचा अंदाज बांधायचा असेल, तर डॉक्टरांच्या हातात काय होतं याच्याआधी मी पेशंटला विचारते, "आधी किती दुखत होतं?" आधीचं दुखणं, दाढेवर टकटक केल्यावर होणारी वेदना, दाढ पुढची की मागची, पूर्वी एकदा रूट कॅनल होऊन बिघडलेली आहे का, या गोष्टींवर नंतरचं दुखणं बरंचसं ठरतं. तुम्ही तुलना केलीत ती हात आणि मशीनची. प्रत्यक्षात ती भडकलेल्या दाढेची आणि शांत दाढेची तुलना होती. दिरांची दाढ तुमच्याच डॉक्टरांनी हातानं केली असती, तरी ते बहुधा पंगतीला बसले असते.

नंतर दुखणं हा अपवाद आहे, असंही तुम्ही धरून चालला आहात. जगभरातल्या पाहण्या एकत्र करून २०११ साली एक आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात रूट कॅनलच्या आधी ८१ टक्के लोकांना दुखत होतं, केल्यानंतर चोवीस तासांनी ४० टक्क्यांना आणि आठवड्यानं ११ टक्क्यांना. वेदनेची तीव्रता शंभरपैकी मोजली तर आधी ५४, दुसऱ्या दिवशी २४, आठवड्यानं ५. म्हणजे दुसऱ्या दिवशी दहातल्या चौघांना काही ना काही दुखतंच, फक्त ते उतरणीला लागलेलं असतं. पाचव्या दिवशी चावताना दुखणं या उतरणीवरच बसतं. "आता अजिबात दुखणार नाही" असं सांगून पेशंटला घरी पाठवायची आमच्या धंद्यातली सवय वाईट आहे. तसं सांगितलं नसतं, तर तुमच्या त्या दोन रात्रींची निम्मी भीती तरी कमी झाली असती.

"पण नसच काढली, मग दुखतं काय?" हे तुम्ही विचारलं नाहीत, पण बाकीचे वाचक विचारतील. नस दाढेच्या आत होती. दाढ जबड्याच्या हाडात बसलेली असते ती एका पातळ पडद्याच्या आधारानं, आणि त्या पडद्याला स्वतःच्या नसा असतात. मुळाच्या टोकाला बारीक छिद्र असतं. आतली नळी घासून साफ करताना कुजलेल्या नसेचे तुकडे, दाताचा चुरा, जंतू आणि धुण्याचं औषध यांतलं थोडंसं त्या छिद्रातून पलीकडे जातं. शरीर त्याला परकं समजतं आणि तिथे सूज धरते. तुमचा ठणका दुसऱ्या सिटिंगनंतर उठला, कारण घासण्याचं मुख्य काम बहुधा त्याच दिवशी झालं असावं.

पद्धतीचा संबंध येतो तो या पलीकडे जाणाऱ्या चुऱ्यापाशी, त्यामुळे जाऊबाईंचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. स्टीलची बारीक फाइल, म्हणजे सुईसारखी कानस, नळीत घालून वरखाली, वरखाली घासली, तर ती सायकलच्या पंपातल्या दट्ट्यासारखी काम करते आणि माल पुढे ढकलते. फाइल गोल फिरवली तर तिच्या आट्यांतून चुरा वर, तोंडाच्या बाजूला येतो. काढलेल्या दातांवर प्रयोग करून हा चुरा लोकांनी वजन करून मोजलाय. जवळपास प्रत्येक पद्धतीत थोडा तरी बाहेर पडतोच, पण वरखाली घासण्यात जास्त आणि फिरवण्यात कमी, असा एकूण कल दिसतो.

मात्र 'हातानं' म्हणजे एकच पद्धत नव्हे. टोकापासून सुरुवात करून वर येत जाणारी एक जुनी रीत आहे. उलट, आधी तोंडाकडचा भाग रुंद करून, तिथली घाण बाहेर काढून मग खाली उतरायचं, अशीही रीत आहे. तिच्यात टोकापाशी पोहोचेपर्यंत ढकलायला फारसं काही उरत नाही. १९८५ साली अमेरिकेत फाइल हातानंच, पण ठरावीक अंशांत उलटसुलट फिरवण्याची पद्धत मांडली गेली, तिच्यातही चुरा कमी ढकलला जातो. तुमचे डॉक्टर यांतलं काय करतात, ते 'हातानं' या एका शब्दावरून कळत नाही.

मशीनमध्येही एकच प्रकार नाही. मशीनच्या फाइली निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या असतात. हा धातू अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत हाती लागला. १९८८ साली काही संशोधकांनी दात सरळ करायला वापरतात तशा तारेपासून त्याच्या फाइली घडवून पाहिल्या. स्टीलपेक्षा त्या कितीतरी लवचीक निघाल्या. वाकड्या मुळात स्टीलची जाड फाइल सरळ जायला बघते आणि नळीची वाट बदलते, ही वळते. पुढे त्या मोटरवर एकाच दिशेनं फिरू लागल्या, ती रोटरी. साधारण २०११ च्या सुमारास थोडं पुढे, थोडं मागे फिरणारी, बहुतेक काम एकाच फाइलीत उरकणारी पद्धत बाजारात आली, ती रेसिप्रोकेटिंग. जाऊबाईंना सांगायला हरकत नाही की पुण्याच्या डॉक्टरांनीही पहिली फाइल बहुधा हातानंच घातली असणार. दहा नंबरची, टोकाशी मिलिमीटरचा दहावा भाग जाड. आधी तिनं वाट मोकळी करून घेतल्याशिवाय मोटरची फाइल सहसा आत घालत नाहीत.

पेशंटवर केलेल्या तुलना काय सांगतात? हातानं विरुद्ध रोटरी यात एकूण कल रोटरीच्या बाजूला झुकतो, पहिल्या एक-दोन दिवसांत दुखणं काहीसं कमी. रोटरी विरुद्ध रेसिप्रोकेटिंग यात मात्र एकमत नाही. काहींना रोटरी सुखाची वाटली, काहींना फरकच दिसला नाही. आणि आठवडा उलटेपर्यंत बहुतेक अभ्यासांत सगळे जवळपास एकाच जागी येऊन पोचतात. तुमची पाचव्या दिवशीची तक्रार पद्धतीच्या खात्यावर टाकायला मी म्हणूनच कचरते. दाढ 'बिघडली' असं म्हणायला तुमच्या पत्रात मला काहीही सापडलं नाही.

ज्यांची चर्चा घरात होत नाही अशा दोन गोष्टींनी जास्त फरक पडतो. नळीची लांबी किती अचूक मोजली ही एक. फाइल टोकाच्या बाहेर गेली की ती मशीनची असली तरी दुखवते. लांबी मोजायला एक्स-रे आणि 'अ‍ॅपेक्स लोकेटर' नावाचं छोटं यंत्र असतं. दुसरी म्हणजे धुणं. मुळाच्या आत आडवे-तिडवे कोपरे असतात. फाइल कुठलीही असो, भिंतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग तिच्या स्पर्शाविनाच राहतो, हे सूक्ष्म सीटी स्कॅननं दिसलंय. तिथले जंतू मारायचं काम सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचं, तेच ते स्विमिंग पुलासारख्या वासाचं पाणी. ते हळूहळू, भरपूर, आणि सुई नळीत न अडकवता सोडावं लागतं. घाईनं जोर लावून मारलं तर तेच टोकाबाहेर जाऊन दुखवतं. रबराचा पातळ पडदा लावून दाढ वेगळी केली होती का, हेही आठवून बघा. तो लावला की थुंकी आत जात नाही आणि डॉक्टरांना निवांत धुता येतं. मला विचाराल तर हातानं करणारा पण पडदा लावणारा, मोजणारा, धुणारा डॉक्टर मला घाईच्या मोटरवाल्यापेक्षा केव्हाही चालेल. मोटर हप्त्यावर विकत मिळते.

एका सिटिंगचंही तसंच. एकदम उरकलं म्हणजे कमी दुखतं, हा समज उलटाही ठरू शकतो. एका आणि अनेक सिटिंगची तुलना करणाऱ्या आढाव्यांत यश साधारण सारखं निघालंय, आणि पहिल्या आठवड्यातलं दुखणं एका सिटिंगवाल्यांना थोडं जास्तच असण्याकडे कल आहे. खेपा वाचतात हा फायदा खरा आहे. पुण्यात ट्रॅफिकमधून तीनदा जाणं म्हणजे काय, ते दीरच सांगतील.

अ‍ॅमॉक्सिसिलिनबद्दल मात्र थोडं रागावते. सूज नाही, ताप नाही, अशा वेळी अँटिबायोटिकनं दाढेचं दुखणं कमी होत नाही. दोन दिवसांनी बरं वाटलं असेल, तर ते दुखणं तसंही उतरतच होतं. दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या, अर्धवट दिवस, यातून फक्त जंतू निर्ढावतात. उद्या डॉक्टरांना सांगा की काय घेतलं, किती घेतलं. लपवू नका आणि स्वतःहून पुन्हा सुरू करू नका.

दुखण्यावर काम करतात ती साधी औषधं, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. दोन्ही मिळून एकेकट्यापेक्षा जास्त आराम देतात. पण अल्सर, किडनीचा त्रास, दमा, रक्त पातळ करणारी गोळी, बीपीच्या काही गोळ्या, गरोदरपण यांतलं काही असेल, तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. मेडिकलमधून मिळणाऱ्या बऱ्याच दुखण्याच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं. वरून वेगळी पॅरासिटामॉल घेऊन नकळत दुप्पट होऊ देऊ नका. दुसऱ्या दाढेच्या वेळी पहिली गोळी भूल उतरायच्या आधी घ्यायची का, हे आधीच विचारून ठेवा. कळ डोक्यात गेल्यावर घेतलेल्या गोळीपेक्षा ती बरी लागू पडते. लवंगेचं तेल हिरडीवर चोळू नका, तिथे भाजतं आणि मुळाच्या टोकापर्यंत ते पोचत नाही.

दाढ काढून टाकण्याचा विचार तूर्त सोडा. जिचा ठणका थांबलाय, जिच्यावर तीन खेपा आणि पैसे खर्च झालेत, ती दाढ चावताना हुळहुळते म्हणून काढणं म्हणजे दुखणं संपवून खर्च सुरू करणं. रिकाम्या जागेकडे शेजारची दाढ कलते, वरची खाली उतरते, मग ब्रिज किंवा इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दात. काढण्याची वेळ येते ती मूळ उभं चिरलेलं असेल किंवा दाढेत धरायला काही उरलंच नसेल तेव्हा. तुमच्या पत्रात असं काही नाही.

काही खुणा मात्र वेगळ्या असतात, त्या तुम्हीही आणि इतरांनीही लक्षात ठेवाव्यात. गालावर किंवा जबड्याखाली सूज वाढत चालली, ताप आला, तोंड उघडेना, तर त्याच दिवशी दवाखाना. गिळायला किंवा श्वासाला अडचण वाटली तर दंतवैद्याची वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. रूट कॅनल झालेल्या दाढेलाच गरम-थंड लागत राहिलं, तर एखादी नळी सापडायची राहिली आहे का, किंवा दुखणारी दाढ मुळात शेजारची आहे का, हे तपासायला हवं. खालच्या पहिल्या दाढेत तीन नळ्या धरल्या जातात, पण चौथीही अनेकदा निघते. दोन-तीन आठवड्यांनीही दुखणं उतरत नसेल, तर नवा एक्स-रे. आणि सगळं नीट असूनही महिनोन्‌महिने दुखत राहणारे थोडे लोक असतात. त्यांच्यात कधी जबड्याच्या स्नायूंचा किंवा चेहऱ्याच्या नसेचा दोष निघतो, दाढेचा नाही.

राहिला डॉक्टर बदलण्याचा प्रश्न. या दाढेसाठी बदलू नका. आत काय झालंय, लांबी किती होती, औषध कुठलं ठेवलं, हे त्यांना माहीत आहे. अर्ध्यात नवीन माणूस आला तर तो पुन्हा पहिल्यापासून बघणार.

वरच्या डाव्या दाढेचा विचार मात्र वेगळा करायला हवा, आणि तो मैत्रीवरून किंवा मोटरवरून ठरवायचा नाही. वरची पहिली दाढ असेल, तर तिच्या पुढच्या बाहेरच्या मुळात बहुतेक वेळा एक दुसरी, अगदी बारीक नळी असते. ती भिंगाशिवाय हुकण्याची शक्यता बरीच. मुळं वाकडी असतील तर लवचीक फाइलींचा खरा फायदा अशा ठिकाणी होतो. म्हणून एक्स-रे समोर ठेवून डॉक्टरांना सरळ विचारा : "ही सोपी आहे का अवघड? तुम्ही स्वतः कराल, की तज्ज्ञाला बोलवाल?" बीडीएस डॉक्टर रूट कॅनल करतातच. त्यावर तीन वर्षं एमडीएस केलेला एंडोडॉन्टिस्ट हा त्याच कामाचा तज्ज्ञ. तालुक्याच्या गावांत असे तज्ज्ञ ठरलेल्या दिवशी दुसऱ्यांच्या दवाखान्यात येऊन काम करतात, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांच्याच खुर्चीवर हे होऊ शकतं. मैत्रीही राहते आणि जाऊबाईंची मोटरही येते. ते जमत नसेल तर तुमच्याच जिल्ह्यात कराडला दंत महाविद्यालय आहे, तिथे एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात. वेळ जास्त जातो, पण पायरीपायरीनं तपासून होतं. इतर भागांतल्या वाचकांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायरही.

मशीननं करायचं ठरलं, तर फाइल नवी आहे का, हेही विचारा. निकेल-टायटॅनियमची फाइल वापरून थकली की बाहेरून ठीक दिसत असतानाच आत तुटू शकते, आणि तुकडा काढणं हे वेगळंच प्रकरण. या फाइली महाग असतात, म्हणून आपल्याकडे त्या निर्जंतुक करून पुन्हा वापरण्याकडे ओढा असतो. प्रश्न विचारल्यानं कुणी रागावलं, तर तीही माहितीच.

"त्यांना काय वाटेल?" याचं उत्तर तुम्हाला शिक्षिका म्हणून माहीत असेल. एखादं मूल न सांगता शाळा सोडून गेलं की जास्त लागतं, का पालकांनी येऊन "गणिताला शिकवणी लावू का?" विचारलं तर? यजमानांना मध्ये घालू नका. मित्रामार्फत गेलेली तक्रार मैत्रीची होते, दाढेची राहत नाही. तुम्ही स्वतः जा आणि म्हणा, "दुसऱ्या सिटिंगनंतर दोन रात्री फार दुखलं. या वेळी आधी गोळी कुठली घेऊ आणि रात्री दुखलं तर फोन कुणाला करू?" यावर ते काय उत्तर देतात, त्यावरून वरची दाढ त्यांच्या हाती द्यायची का हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

एक राहिलं. खालच्या दाढेवर टोपी (कॅप) बसवायचं तुमच्या पत्रात कुठेच नाही. रूट कॅनल झालेली मागची दाढ आतून पोखरलेली असते आणि नुसत्या सिमेंटवर सोडली तर एखाद्या दिवशी चिरते. तशा दाढा टोपी घातलेल्या दाढांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात काढाव्या लागतात. चावताना दुखणं थांबलं की महिना-दोन महिन्यांच्या आत टोपी बसवून घ्या. तोवर त्या बाजूनं चिक्की आणि सुपारी नको.